कोर्टातली सोबत

दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात रिमांडचं काम चालू असतं तेव्हा एकेका आरोपीच्या वाट्याला फार तर काही मिनिटं येतात. पोलीस त्याला आणून उभं करतात, तपास अधिकारी रिमांड रिपोर्ट पुढे ठेवतो, सरकारी वकील कोठडी मागतात, न्यायाधीश ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का’ असं विचारतात, आरोपी मान हलवून नाही म्हणतो, आदेश होतो आणि पुढचं नाव पुकारलं जातं. तेवढ्यात काय ठरलं, पोलीस कोठडी मिळाली की एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली, आता आपल्याला कुठे नेणार, घरी कोणी कळवलं का, जामीन मागायचा तर कोणी आणि कधी, यातलं काहीही त्या माणसाला धड कळलेलं नसतं. वकील नसेल तर सांगणार कोण? आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा वकील त्याच दिवशी नेमलेला असला, तरी त्या दोघांची पहिली भेट बहुधा कोर्टाच्या व्हरांड्यात, हवालदाराच्या देखत आणि घाईतच झालेली असते. आपल्याकडे ‘वकिलाविना आरोपी’ हा प्रश्न वकील नेमला की सुटला असं धरून चालतात. मला हे गृहीतच चुकीचं वाटतं. वकील मिळवून देणं ही मदतीची एक बाजू आहे. कुटुंबाचा माग काढणं, पत्त्याची खातरजमा करणं, जामीनदार उभा करणं, कागद जमवणं आणि काय चाललं आहे ते त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगणं ही दुसरी बाजू. ती वकिलाच्या कामात बसत नाही. ती सांभाळणारा प्रशिक्षित स्वयंसेवक प्रत्येक रिमांड कोर्टात ठरलेल्या जागी, न्यायाधीशांच्या माहितीत आणि मान्यतेने बसलेला असला पाहिजे.

वकिलाचा हक्क आपल्या कायद्यात कच्चा आहे असं मुळीच नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि गरिबाला मोफत कायदेशीर मदत देणं हे राज्याचं काम ठरलं. दोनच वर्षांनी एम. एच. हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हा हक्क अनुच्छेद २१ शी, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडला. त्या खटल्यातला आरोपी अडाणी नव्हता, विद्यापीठात शिकवणारा माणूस होता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९७३ चा, आणि सर्वोच्च न्यायालयात तो आला १९७८ मध्ये. निकालाची प्रत वेळेवर हातात पडली नाही हे त्याचं म्हणणं होतं. तुरुंग म्हणत होता की दिली, पण दिल्याची पोच तुरुंगाकडे नव्हती. त्याची याचिका फेटाळली गेली. मात्र निकालाची प्रत कैद्याला मोफत आणि लगेच मिळाली पाहिजे आणि तशी पोच घेतली पाहिजे, हा दंडक त्यातून आला. एक कागद उच्च न्यायालयातून तुरुंगातल्या माणसाच्या हातात पडणं, एवढंच ते काम होतं. अशिलाला त्यासाठी मोठा कायदेपंडित लागत नव्हता; त्या कागदाचा पाठपुरावा करणारं कोणीतरी लागत होतं.

पुढच्या निकालांचा क्रम पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरण झालं. के. एफ. रुस्तमजी यांचे बिहारच्या तुरुंगांवरचे लेख ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये वाचून ॲडव्होकेट पुष्पा कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गुन्हा शाबित झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ खटल्याविना तुरुंगात काढलेली माणसं तेव्हा देशासमोर आली. १९८० मध्ये भागलपूरच्या अंध केलेल्या कैद्यांच्या प्रकरणात न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांना बजावलं की आरोपी पहिल्यांदा समोर येईल तेव्हाच त्याला मोफत वकिलाच्या हक्काची माहिती द्या. पैसे नाहीत ही राज्याची सबब चालणार नाही. १९८६ मध्ये सुक दास प्रकरणात अरुणाचलमधल्या एका माणसाची शिक्षाच रद्द झाली, कारण वकील मिळू शकतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. गुवाहाटी उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की त्याने मागितला नाही, मग खटला सदोष कसा? सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद नाकारला. ज्याला हक्क ठाऊक नाही तो तो मागणार कसा? आणि २०१२ मध्ये कसाबच्या निकालात पुन्हा तेच सांगावं लागलं, या वेळी अधिक कडक शब्दांत: दंडाधिकाऱ्याने हे कर्तव्य बजावलं नाही तर त्याच्यावर खात्यामार्फत कारवाई होऊ शकते. एकाच कर्तव्याची आठवण तीस वर्षं करून द्यावी लागते, याचं कारण न्यायाधीशांच्या मनात खोट आहे असं मी मानत नाही. खचाखच भरलेल्या बोर्डावर प्रत्येकाला हक्क समजावून सांगायचा, त्याला तो समजला की नाही ते पाहायचं आणि पुढची व्यवस्था लावायची, हे सगळं एका न्यायाधीशाच्या तोंडी वाक्यावर सोपवलेलं आहे. खरं म्हणजे हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळा माणूस लागतो.

मुंबईने हे १९८३ मध्येच पाहिलं होतं. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या कोठड्यांतल्या आणि तुरुंगातल्या स्त्रियांची स्थिती पत्राने सर्वोच्च न्यायालयाला कळवली, तेव्हा न्यायालयाने प्रत्यक्ष तुरुंगात जाऊन त्या स्त्रियांशी बोलायला कोणाला पाठवलं? निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेला. त्या निकालात अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवण्याचा आदेश आहे, अटक झालेल्याचे हक्क सांगणारं पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत प्रत्येक कोठडीत लावण्याचा आदेश आहे. पत्रकांचा आदेश झाला; पण ज्याला वाचता येत नाही, किंवा वाचता येऊनही भीतीने डोकं बधिर झालं आहे, त्याला ते पत्रक वाचून दाखवणारं माणूस नेमायचं राहिलं.

आता तुरुंगांकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२, म्हणजे चारांतली तीन, खटला पूर्ण न झालेली होती. कच्चे कैदी. तुरुंगांची एकूण क्षमता ४,३६,२६६. म्हणजे कच्च्या कैद्यांनीच जवळजवळ सगळी जागा व्यापलेली. मुंबईचा आर्थर रोड तुरुंग तर कित्येक वर्षं क्षमतेच्या तिपटीच्या आसपास भरलेला असतो. हे सगळे वकील नाही म्हणून आत आहेत असं म्हणणं सोपं आहे, पण खोटं आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्याच्या कलम १२ नुसार कोठडीतल्या प्रत्येकाला, प्रत्येक स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्ण वेळ बचाव वकील नेमण्याची योजनाही सुरू झाली आहे, आणि ती चांगली आहे. तरीही माणसं आत राहतात, कारण जामीन मंजूर होणं आणि तुरुंगाच्या दारातून बाहेर पडणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट कशी अडते ते मोतीराम खटल्यात स्वच्छ दिसतं. १९७८ चा हा खटला मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचा. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, आणि दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारण्यात आलं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी शेवटी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडलं. आज मुंबई, ठाणे, पुण्यात अटक होणाऱ्या बांधकाम मजुराची अडचण नेमकी हीच आहे. त्याचा जिल्हा इथे नाही, बहुतेकदा राज्यही इथलं नाही. घरमालक भाडेकरार देत नाही, रेशनकार्ड गावाकडे, मुकादमाने हात वर केलेले, बायकोचा नंबर पोलिसांनी जप्त केलेल्या मोबाइलमध्ये आणि तो तोंडपाठ नाही. जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो, त्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालावे लागतात. रोख जामिनाची मुभा मिळाली तरी रक्कम भरायला बाहेर कोणी हवं. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार पुरवणारे असतातच. त्यांच्याकडे गेलं की व्याजाचं कर्ज डोक्यावर येतं. पैसा आणि मोठे वकील असूनही कागदाची चाल किती जाचक असते, हे २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं: एका नामवंत चित्रपट अभिनेत्याच्या मुलाला उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावरही सुटकेचे कागद तुरुंगाच्या ठरलेल्या वेळेत पोहोचले नाहीत, आणि त्याला आर्थर रोडमध्ये आणखी एक रात्र काढावी लागली. ज्याच्यासाठी धावणारं कोणीच नाही, त्याच्या अशा रात्री किती होत असतील?

सर्वोच्च न्यायालयाला हे आता पुरतं ठाऊक आहे. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात न्यायालयाने सांगितलं की जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकाकडे गेला पाहिजे; सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं; आणि सचिवांनी त्या कैद्याशी बोलून त्याला सर्व प्रकारे मदत करण्यासाठी विधी स्वयंसेवक किंवा तुरुंगाला भेट देणारा वकील पाठवावा. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट शिथिल करायची का, याचा विचार न्यायालयाने आपण होऊन करावा, असंही त्यात आहे. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत मदत देण्याची केंद्राची योजना त्याच वर्षी आली. आदेश आला, निधी आला, तरी या दोन्हींना चालवणारा माणूस एकच: तुरुंगात जाऊन बोलणारा, बाहेर येऊन पत्ता शोधणारा, कागद जमवून निधी देणाऱ्या समितीपुढे ठेवणारा. तो नसेल तर निधी पडून राहतो आणि आदेश फायलीत राहतो.

या माणसामुळे काय बदलतं याचा एक जुना आणि नीट मोजलेला पुरावा आहे, आणि तो आपल्याच सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदलेला आहे. न्यू यॉर्कमध्ये १९६१ साली लुई श्वाइट्झर या उद्योजकाने आणि हर्बर्ट स्टर्झ या पत्रकाराने ‘व्हेरा’ ही संस्था काढून मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट सुरू केला. कायद्याचे विद्यार्थी कोर्टात आणलेल्या आरोपींना भेटत आणि मोजके प्रश्न विचारत: इथे किती दिवस राहतोस, कोणाबरोबर राहतोस, काम काय, कुटुंबाशी संबंध कसे, आधी शिक्षा झाली आहे का. मग फोन करून किंवा जाऊन उत्तरांची खातरजमा करत आणि एका कागदावर न्यायाधीशांना शिफारस देत. पैशाचा जामीन न घेता या शिफारशीवर सुमारे साडेतीन हजार माणसं सुटली. तारखेला मुद्दाम न येणारी त्यांत दोन टक्केसुद्धा नव्हती. या प्रयोगाने अमेरिकेचा १९६६ चा जामीन कायदा घडवला. हुसैनारा खातून निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी या प्रकल्पाचा नाव घेऊन उल्लेख केला आणि म्हटलं की माणूस तारखेला येईल की नाही हे त्याच्या समाजातल्या मुळांवरून ओळखता येतं. कुटुंब, काम, वास्तव्य हे निकष पाहा. वैयक्तिक बंधपत्रावर सोडण्याचं तत्त्व आपण त्या निकालातून घेतलं. पण निकष तपासून न्यायाधीशांसमोर कागद ठेवणारे ते विद्यार्थी आपण घेतले नाहीत. मग न्यायाधीश तरी कशाच्या आधारावर ठरवणार? त्यांच्यासमोर पोलिसांचा रिपोर्ट असतो आणि आरोपीचा गप्प चेहरा असतो. अशा वेळी जामीनदार मागणं हाच त्यांना सुरक्षित मार्ग वाटला तर त्यात नवल नाही.

माणसं नाहीत असंही नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आणली. निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, समाजकार्याचे आणि कायद्याचे विद्यार्थी, अगदी दीर्घ शिक्षा भोगणारे सुशिक्षित कैदीसुद्धा या योजनेत येऊ शकतात. त्यांना प्रशिक्षण मिळतं, ओळखपत्र मिळतं, कामाच्या दिवसाचं थोडं मानधन मिळतं. हरवलेल्या मुलांच्या तक्रारी नीट नोंदल्या जातात का हे पाहण्यासाठी पोलीस ठाण्यांत विधी स्वयंसेवक बसवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. पण ही योजना मुख्यतः शिबिरं, जनजागृतीच्या फेऱ्या, लोकअदालतीच्या दिवसाची धावपळ यांत खर्ची पडते. जिथे एका माणसाचं स्वातंत्र्य पाच मिनिटांत ठरतं, त्या खोलीत स्वयंसेवकाला नेमून दिलेली खुर्ची नाही. ती खुर्ची द्यावी, एवढीच मागणी आहे, आणि ती मागणी फार मोठी नाही.

खुर्ची दिली तर त्याने नेमकं काय करावं? आरोपीला कोर्टात आणल्यावर पुकारा होण्याआधी त्याच्याशी बोलावं. घरच्यांना फोन लावावा. वय खरंच अठराच्या वर आहे का, मारहाण झाली आहे का, औषध चालू आहे का, हे विचारून नेमलेल्या वकिलाच्या कानावर घालावं. वास्तव्य आणि कामधंदा यांची खातरजमा करून एक पानाचा अहवाल द्यावा. आदेश झाल्यावर तो समजावून सांगावा: किती दिवस, कुठे, पुढची तारीख कोणती. आरोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, ही तारीख स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी आणि वकिलाला आठवण करावी, कारण जामिनाचा अर्ज वेळेत न केल्याने हा हक्क हातचा जातो. युक्तिवाद मात्र करू नये. कलमांवर मत देऊ नये. गुन्हा कबूल कर किंवा करू नकोस, हे तर चुकूनही सांगू नये.

या मर्यादा कशा पाळता येतात याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. १९७० मधल्या मॅकेन्झी विरुद्ध मॅकेन्झी या घटस्फोटाच्या दाव्यात नवरा वकिलाविना उभा होता. एक तरुण ऑस्ट्रेलियन बॅरिस्टर मोबदला न घेता त्याच्या शेजारी बसून टिपणं काढत होता, हलकेच सुचवत होता. न्यायाधीशांनी ते थांबवलं. अपील न्यायालयाने मात्र ही मदत नाकारणं चूक ठरवलं आणि दावा पुन्हा चालवायला लावला. तेव्हापासून तिथल्या कोर्टांत वकील नसलेल्या पक्षकाराला असा सोबती घेता येतो. तो टिपणं घेऊ शकतो, कागद लावू शकतो, कानात सांगू शकतो. न्यायाधीशांनी परवानगी दिल्याशिवाय बोलू शकत नाही. २००१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाच्या इमारतीत स्वयंसेवकांचा एक कक्ष सुरू झाला. फॉर्म भरायला मदत करायची, कोर्टात शेजारी बसायचं, पण कायद्याचा सल्ला द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. आपल्याकडे याला कायद्याची आडकाठी आहे का? नाही. वकिली न करणाऱ्या व्यक्तीला एखाद्या प्रकरणात उभं राहू देण्याची मुभा वकील कायद्याचं कलम ३२ न्यायालयाला देतंच. इथे तर उभं राहायचंही नाही, सोबत बसायचं आहे. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील हा पक्षकाराचा हक्कच नाही. त्यामुळे पोटगी मागणाऱ्या कित्येक स्त्रिया त्या खोलीत एकट्याच उभ्या असतात. तिथे सोबतीची गरज आणखी उघड आहे.

आता हरकतींकडे वळतो. पहिली हरकत वकिलांची: अर्धवट शिकलेली माणसं चुकीचं सांगतील आणि अशिलाचं नुकसान होईल. भीती खरी आहे, पण तिचं उत्तर मुंबईतच मिळालेलं आहे. ग्राहक मंचात वकील नसलेल्या प्रतिनिधीने ग्राहकाची बाजू मांडावी का, हा वाद दक्षिण मुंबईच्या जिल्हा मंचात उभा राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही परवानगी कायम ठेवली आणि अशा प्रतिनिधींसाठी राष्ट्रीय आयोगाने नियम करावेत असं सांगितलं. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, १९७५ पासून चालणाऱ्या चळवळीने घडवलेले कार्यकर्ते ग्राहकाला तक्रार लिहून देतात, मार्ग दाखवतात, आणि त्याने वकिली बुडाली नाही. चूक टाळण्याचा उपाय प्रशिक्षण आणि मर्यादा हा आहे. बंदी घातली तर ती जागा रिकामी राहत नाही, दलाल भरतो. दुसरी हरकत त्या दलालाचीच: ओळखपत्र घेऊन बसलेला माणूस उद्या पैसे मागू लागला तर? अशी शक्यता आहेच. म्हणून फिरती नेमणूक हवी, मानधन वेळेवर हवं, प्रत्येक भेटीची नोंद सचिवांकडे हवी, तक्रार करायची जागा भिंतीवर मराठीत लिहिलेली हवी. आज दलालावर कोणाचीच देखरेख नाही. स्वयंसेवकावर ती ठेवता येते.

तिसरी हरकत सामान्य माणसाच्या मनातली आहे आणि ती सौम्य शब्दांत टाळू नये: ज्याने गुन्हा केला त्याच्यामागे एवढं धावायचं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्यामागे कोण? फिर्यादीलाही सोबत हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. महाराष्ट्राने ते करूनही दाखवलं आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस मुख्यालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्य शिकलेली माणसं पोलिसांच्या आवारात बसून मारहाण झालेल्या स्त्रियांचं ऐकू लागली. पुढे राज्य शासनाने हा नमुना जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. पोलिसांचं काम त्याने बिघडलं नाही. त्याच संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत अटकेतल्या आणि तुरुंगातल्या माणसांबरोबर काम करतो. एकाच संस्थेला दोन्ही बाजूंची सोबत करता येते, कारण दोन्हीकडे काम तेच आहे: भांबावलेल्या माणसाला यंत्रणेत वाट दाखवणं. शिवाय कच्चा कैदी हा गुन्हेगार ठरलेला नसतो. उद्या तो निर्दोष सुटला तर त्याच्या गेलेल्या वर्षांचा, सुटलेल्या नोकरीचा, शाळेतून काढलेल्या मुलांचा हिशोब कोणाकडे मागायचा?

चौथी हरकत मला सगळ्यांत वजनदार वाटते. ती म्हणते, हे राज्याचं काम आहे. स्वयंसेवक आणून तुम्ही राज्याला सुटका देता. इंग्लंडचाच दाखला इथे उलट बाजूने देता येतो. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने कौटुंबिक दाव्यांतली बहुतांश सरकारी कायदेशीर मदत काढून घेतली. वकिलाविना कोर्टात येणारे वाढले आणि स्वयंसेवकांच्या दारात रांगा लागल्या. सरकारने मोडलेलं घर चांगुलपणाच्या टेकूवर उभं ठेवायचं, ही व्यवस्था न्याय्य नाही. म्हणून या लेखातली मागणी काटेकोरपणे वाचावी: स्वयंसेवक वकिलाच्या बदली नको, वकिलाच्या जोडीला हवा. बचाव वकिलांची पदं कमी करून स्वयंसेवक वाढवणारा कोणताही प्रस्ताव आला तर त्याला विरोधच केला पाहिजे. पण राज्याने सगळं करेपर्यंत थांबा, असं आज कोठडीत असलेल्या माणसाला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि काही गोष्टी अशा आहेत ज्या राज्य कितीही मनापासून करू लागलं तरी पगारी यंत्रणेच्या हातून नीट होत नाहीत. पोलिसांच्या धाकाने गप्प झालेला माणूस सरकारी पदावरच्या दुसऱ्या माणसासमोर लगेच बोलत नाही. त्याच्या वस्तीतली, त्याची बोली बोलणारी, कोणाच्याही हाताखाली नसलेली एक व्यक्ती समोर आली की तो बोलतो. शिवाय स्वयंसेवकाच्या वहीतल्या नोंदी राज्यालाच जाब विचारायला उपयोगी पडतात: किती जणांना वकील उशिरा मिळाला, किती जणांचा जामीन होऊनही सुटका झाली नाही, कोणत्या कोर्टात.

अशा नोंदींची गरज आत्ता नेहमीपेक्षा जास्त आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ म्हणतं की पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, आणि इतरांनी निम्मा काळ तुरुंगात काढला तर त्यांना सोडावं. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे यातून वगळलेले आहेत. मुदत भरताच न्यायालयाला कळवण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. पण मुदत मोजायला अटकेची तारीख, लावलेली कलमं, त्यांची कमाल शिक्षा आणि दुसरं प्रकरण प्रलंबित आहे का, हे सगळं अचूक हवं. एकाहून जास्त प्रकरणं असतील तर ही सवलत अडते, आणि कधी कधी ते दुसरं प्रकरण केव्हाच निकाली निघूनही तुरुंगाच्या नोंदीत तसंच राहिलेलं असतं. ही पडताळणी बराकीबराकीत बसून, एकेका माणसाला विचारून आणि कोर्टाच्या नोंदींशी ताडूनच होते. शिकलेल्या, चिकाटीच्या, आठवड्यातून दोन दिवस देऊ शकणाऱ्या माणसाला हे काम निश्चित जमण्यासारखं आहे.

उच्च न्यायालयाने आणि राज्य विधी सेवा प्राधिकरणाने मिळून एक परिपत्रक काढावं: प्रत्येक रिमांड कोर्टात कामाच्या दिवशी एक विधी स्वयंसेवक, त्याच्यासाठी ठरलेली जागा, पुकाऱ्यापूर्वी आरोपीशी बोलण्याची मुभा, आणि त्याचा एक पानाचा अहवाल जामिनाच्या वेळी वाचला जाईल अशी तजवीज. यासाठी नवा कायदा लागत नाही. वाचकांपैकी जे निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, परिचारिका, समाजकार्याचे विद्यार्थी असतील, त्यांनी आपल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या किंवा तालुका कोर्टातल्या समितीच्या कार्यालयात जाऊन स्वयंसेवकांची पुढची निवड कधी आहे ते विचारावं, आणि अर्ज करताना शिबिराचं काम नको, रिमांड कोर्टाचं किंवा तुरुंगाचं काम द्या, असं स्पष्ट लिहावं. आणि ओळखीत कोणाला अटक झाली, वकील परवडत नाही असं कानावर आलं, तर त्यांना १५१०० हा मोफत हेल्पलाइन क्रमांक त्याच दिवशी द्यावा.